निरीक्षकाने बोलायचं नाही

१० फेब्रुवारी

प्रश्नावल्या परत आल्या. सगळ्या एकसारख्या! प्रश्न नववा – ‘औषध देण्यापूर्वी रुग्णाला त्याचं नाव विचारता का?’ झाडून सगळ्याजणींनी ‘नेहमी’वर टिक केली आहे. ‘बहुतेकदा’ म्हणायला एकही तयार नाही. अगं बायांनो, मी याच रुग्णालयात सोळा वर्षं सिस्टर आहे. अभ्यासरजेवर गेले म्हणून काही विसरले नाही. आपण नाव विचारत नाही. खाटेचा नंबर विचारतो, तोही लांबून.

असं का झालं तेही माहीत आहे. दुपारच्या चहाला एकत्र बसून भरत होत्या. सुचिता म्हणाली, "ताई, बरोबर उत्तर कुठलं ते सांगून टाक ना, तुझं पण काम लवकर होईल." म्हटलं, बरोबर-चूक काही नसतं गं, जे करता ते लिहा. त्यावर सगळ्या हसल्या. मग एकीचं बघून दुसरीने भरलं.

विषय माझाच, हौसेने घेतलेला. रुग्णाच्या सुरक्षिततेवर नर्सिंगमध्ये संशोधन होतं, त्यात खरं कुठली पद्धत सांगते – प्रश्नावली, जुन्या नोंदी, की समोर बसून केलेलं निरीक्षण? परदेशातले पेपर वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला. आता विषयाचं नाव काढलं तरी कपाळ ठणकतं.

१३ फेब्रुवारी

नोंदी तपासून झाल्या. वॉर्डात काही विपरीत घडलं तर लिहायची वही आहे. वर्षभरात काय घडलं? माकडाने पेशंटची केळी पळवली. पंख्याचं पातं निखळलं. कुणाच्या तरी जावयाने शिवीगाळ केली. औषधाची चूक – एकही नाही.

प्राची मॅडमना फोन केला. त्या माझ्या गाईड, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. म्हणाल्या, "छान, म्हणजे दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष जुळतात." जुळतात हो. दोघींनी मिळून थाप मारली की ती जुळतेच. हे फोनवर बोलले नाही, इथे लिहिते आहे.

१७ फेब्रुवारी

आजपासून निरीक्षण. बायकांचा वॉर्ड. कोपऱ्यात स्टूल. मॅडमनी बजावलंय – युनिफॉर्म घाला म्हणजे वेगळ्या दिसणार नाही. बोलायचं नाही, मदत करायची नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. कुणाच्या जिवावर बेतलं तरच उठायचं. "निरीक्षकाने हात लावला की तो निरीक्षक राहत नाही, सगळा डेटा बाद."

मीही सगळ्यांना एकत्र बसवून शब्द दिला. कागदावर कुणाचं नाव येणार नाही, आणि तोंडातूनही जाणार नाही. तेजस्वी म्हणाली, "बघा हां ताई, आम्ही करारावरच्या. तुम्ही कायमच्या."

१८ फेब्रुवारी

पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतात, तसा वॉर्ड. येता-जाता नावं विचारतायत. एक म्हातारी वैतागली, "सकालीच सांगला न्हवं गो माजा नाव!"

२० फेब्रुवारी

मला विसरल्या. आता खरं दिसायला लागलं. "ओ चार नंबर, हात पुढे करा." "अकरा, गोळी घेतली का?" पेन थांबत नाही माझं.

वाईट गोष्ट अशी की मला बरं वाटतं. चूक दिसली की वाटतं, चला, मिळाली एक. कसलं हे काम!

२१ फेब्रुवारी

एवढे पेशंट आणि दोनच मुली. इन्चार्ज सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "विनिता, बसलीच आहेस तर ते सलाईन बंद कर." उठून केलं. मॅडमना सांगितलं नाही. एसटीत मुरूडपर्यंत उभीच होते. घरी येऊन भात टाकला आणि तशीच ओट्याला टेकून राहिले. रितेश म्हणाला, "सोड ना ती डिग्री." नवऱ्याला काय, गाडीत पर्यटक भरले की निघाला हरिहरेश्वरला. डिग्री मिळाली तर वॉर्ड सुटेल, शिकवायला जाईन, गुडघे वाचतील. तेवढ्यासाठी चाललंय सगळं.

२४ फेब्रुवारी

सकाळी इन्सुलिनची वेळ. ट्रे सुचिताकडे. सात नंबरला मैनाबाई – मधुमेह, पायाला जखम. सहा नंबरला रंगूबाई – न्यूमोनिया, साखरेचा काही संबंध नाही. सुचिता सातपाशी गेली, "सात नंबर ना? पोटावरची साडी सरकवा." बाईने निमूट सरकवली. सुई गेली. मी टिक केली – ‘नाव विचारले नाही’.

तेवढ्यात सहा नंबरवरून आवाज, "बाय, माजी सुय ऱ्हायली न्हवं?"

मैनाबाई सहावर होत्या! रंगूबाईंना डोक्यावरचा पंखा सोसेना, मैनाबाईंना उकडत होतं. दोघींनी आपापसात खाटा बदलल्या, एसटीत खिडकीसाठी जागा बदलतात तशा. इथे सगळेच बदलतात. गाववाली शेजारी हवी, संडास जवळ हवा, वारा हवा, वारा नको. आम्हाला कुणी सांगत नाही. सांगायचं असतं हेच त्यांना माहीत नाही.

मी उठले. धावत डॉक्टरांना आणलं, साखर तपासली, ग्लुकोज लावलं. सुचिता भिंतीला पाठ लावून नुसती उभी होती. रंगूबाईंना घाम फुटला, मग दुपारपर्यंत सावरल्या. चहा-पाव खाल्ला. मला म्हणाल्या, "आज लय लक्ष देतास गो माज्याकडं."

२५ फेब्रुवारी

रंगूबाई ठीक आहेत. मी नाही.

सुचिता ‘सात नंबर ना?’ म्हणाली तेव्हाच मला कळलं होतं की ती नाव विचारणार नाही. सुई अजून हातात होती. ‘नाव विचार गं’ – एवढंच म्हणायचं होतं. पण निरीक्षकाने बोलायचं नाही. आणि खरं सांगायचं तर नियमाचंही निमित्तच. मला ती टिक हवी होती.

२७ फेब्रुवारी

रंगूबाईंच्या मुलाने, सदाने, तक्रार केली. अधीक्षक परेश सरांनी बोलावलं. सुचिता आणि तेजस्वी दोघी ड्युटीवर होत्या, दोघी ‘मी नाही’ म्हणतायत. डॉक्टरांनाही माहीत नाही, त्यांना आणायला मीच गेले होते. रंगूबाई म्हणतात, ती चष्म्याची बाय होती. सर हसले, "म्हणजे तुम्हीच की! तुम्ही तर नुसत्या बसलेल्या. आता सांगा, कोण?"

म्हटलं, सर, मी शब्द दिलाय. नावं गुप्त ठेवणं हा संशोधनाचा नियम आहे.

"इथे पेशंट मेला असता, मॅडम."

खरं आहे.

१ मार्च

वॉर्डात मी शिरले की गप्पा बंद. माझा चहासुद्धा आला नाही. स्टूल कुणीतरी व्हरांड्यात नेऊन ठेवलं होतं.

३ मार्च

सुचिता एसटी स्टँडवर भेटली. पालीला घरी निघाली होती. पिशवीचा बंद पिळत राहिली. मग, "ताई, तू सांगणार का?" तिच्या वडिलांना कंबरेमुळे आता शेतात वाकता येत नाही. भाऊ शिकतोय. घर हिच्यावर. हे मला आधीपासून ठाऊक आहे, तिने सांगायची गरज नव्हती, तरी तिने सगळं सांगितलं. वर म्हणाली, "झोपच लागत नाही. डोळे मिटले की त्या मावशी दिसतात. आता मी प्रत्येकीला नाव विचारते, हसतात मला."

मी म्हटलं, जा तू, गाडी लागली.

रागही येतो तिचा. तेजस्वी फुकट भरडली जातेय, ते दिसत नाही का हिला? पण हिच्या वयात मी तरी काय केलं असतं? तोंड शिवून बसले असते.

६ मार्च

परेश सरांनी परत बोलावलं. या वेळी हसले नाहीत. "चौकशीबिवकशी मला नको. करारावरची असेल तर एकतीस मार्चला करार संपतोच, पुढे वाढवायचा नाही. कायम असेल तर मेमो देऊन भागवू. तुम्ही सोमवारपर्यंत नाव दिलं नाहीत तर दोघींचेही करार थांबवतो."

म्हटलं, सर, नाव कुणाचंही असो, उद्या दुसरीकडून हेच होईल. मनगटाला नावाची पट्टी बांधा, खाटा बदलल्या तर सांगायला शिकवा. दोनच्या जागी तीन मुली द्या. माझं निरीक्षण पूर्ण होऊ द्या, सगळं लिहून देते. म्हणाले, "ते तुमच्या प्रबंधात लिहा. मला सदाला उत्तर द्यायचंय."

म्हणजे चूक कुठे झाली ते नको, कुणाची झाली तेवढं हवं. इतकी दमले आहे की भांडायलाही अंगात जोर नाही.

७ मार्च

प्राची मॅडम – "नाव अजिबात द्यायचं नाही. पण रुग्णालयाशी तुमचं तुम्ही बघा, कॉलेजला त्यात आणू नका." मात्र प्रबंधातल्या निरीक्षणाच्या प्रकरणावर खूश आहेत. तीन पद्धतींत हीच खरं दाखवते, असं स्पष्ट मांडा म्हणाल्या. यावर पेपर होऊ शकेल.

रितेश – "जिची चूक तिचं नाव सांग आणि मोकळी हो."

८ मार्च

महिला दिन. प्रत्येकीला एक गुलाब आणि समोसा. सुचिताने समोसा रंगूबाईंना दिला.

९ मार्च

जिची चूक तिचं नाव. रितेशचं वाक्य डोक्यातून जात नाही. सुई एकीने टोचली. टोचताना एकीने बघितलं, आणि ती गप्प बसली. कुणाची किती, हे मोजायची पद्धत मला कुठल्याच पेपरात सापडली नाही.

१० मार्च

नाव सांगितलं. माझं.

म्हटलं, मुली घाईत होत्या, मी मदतीला उठले, ट्रे मीच घेतला. परेश सरांनी एकदा माझ्या चष्म्याकडे बघितलं. मग मेमो टाइप करायला सांगितला. मी सही केली.

प्राची मॅडमना फोन करून तेच सांगितलं. निरीक्षकानेच इंजेक्शन दिलं म्हटल्यावर निरीक्षणाचं प्रकरण पूर्ण बाद. राहिल्या प्रश्नावल्या आणि ती वही, तेवढ्यावर प्रबंध द्या म्हणाल्या. म्हणजे आमच्या वॉर्डात औषधाची चूक कधीच होत नाही, हे आता मीच लिहायचं.