कानातला आवाज थांबल्यावर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानाच्या माळ्यावरून पडलो त्याला अडीच महिने झाले. डोळा लालभडक, आणि उजव्या कानात नाडीच्या ठोक्यागणिक सूं-सूं. डॉक्टर म्हणतात, मार लागून डोळ्यामागची धमनी फाटली, तिचं रक्त थेट शिरेत घुसतंय. वीस तारखेला बारीक नळी घालून ते भोक बुजवणार. तोवर वाकायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली, आता स्क्रू पिळला तरी लेक ओरडते.

बिचारी माझ्यासाठी सासरहून येऊन राहिली आहे. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे रोज माझ्या मिटल्या डोळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून तो आवाज ऐकते. जावयांचा रोज फोन, कधी येतेस म्हणून.

पण ताई, आवाज गेल्या मंगळवारीच थांबला. लेकीला ऐकायला लावलं तर म्हणाली, आहे अजून. रोज तेच सांगते. मशीन नुसतं ऐकून बिघाड ओळखणारा मी, माझ्याच डोक्याचं मला कळणार नाही? बरा होऊनही कोंडून पडलोय. पोरगी खोटं का बोलते, तूच सांग.

लोभ आहेच, माझ्या कुरकुरीने तो आटू देऊ नकोस.
तुझा खटपट्या

९ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुला मशिनांचं कळतं, माणसांचं नाही, असं आई म्हणायची ते उगाच नाही. गेल्या वर्षी पोरगी माझ्याकडे दोन दिवस राहिली. नवऱ्याचा फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. दंडावर वळ होते. बाबांना सांगू नकोस म्हणाली आणि मी गप्प बसले. चुकलंच माझं.

तुझं दुखणं आहे तोवर तिला माहेरी राहायला निमित्त आहे. पण हा आडोसा किती दिवस पुरणार? आधी डॉक्टरांना गाठ, नाहीतर विनाकारण ऑपरेशनच्या टेबलावर झोपशील.

जीव लावणारी,
ताई

२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. डॉक्टरांकडे गेलो नाही. उलट जावयांना फोनवर सांगितलं, आवाज वाढलाय. कोंडलेला मी, कडीही मीच लावली.

वीस तारखेला नळी घालण्याआधी डॉक्टरांनी डोक्यातल्या शिरांचे पुन्हा फोटो काढले. भोक आपोआप बुजलंय. असं क्वचित होतं म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. लेक भिंतीला टेकून खाली बसली.

काल जावई गाडी घेऊन आले. म्हटलं, मी ठणठणीत बरा आहे, तरी ती येणार नाही. ते बरंच काही बोलले. मी दारातून हललो नाही.

ते गेल्यावर लेक भरदुपारी दाराकडे पाठ करून गाढ झोपली. इथे आल्यापासून ती दाराकडे तोंड करून झोपायची, हे मला तेव्हा कळलं.

आता तिच्यावरचा लोभ वाढव, माझ्यावरचा थोडा कमी केलास तरी चालेल.
तुझा खटपट्या