सार पिऊन लांबवलेली तपासणी

अंजनवेल, १२ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्मादादास,
धाकट्या जनीचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. हौसावहिनीने सगळं सांगितलं. तिच्यावर डाफरू नकोस. प्रोस्टेटच्या रक्ततपासणीत आकडा वाढलेला आला, रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं, त्याला चार महिने झाले. आणि तू घरी बसून टोमॅटोचं सार, हळदीचा काढा आणि डाळिंब! आपला थोरला लवूभाई ह्याच दुखण्याने गेला, तरीही?

आमच्या ह्यांच्यासाठी पाठवलेलं तुझं कात्रण मी चष्मा लावून दोनदा वाचलं. टोमॅटोतला लाल रंग, हळदीतला पिवळा, हे गुणकारी असावेत असं लिहिलंय खरं. त्याखाली तू तांबडी रेघ ओढलीस. पुढच्याच ओळीत ‘अजून सिद्ध झालेलं नाही, तपासणी टाळू नये’ असं आहे. तिथे तुझं पेन वाळलं होतं काय? सार पी, मी कुठे नको म्हणते? पण तपासून घे.

उत्तर नको, डॉक्टरची चिठ्ठी पाठव.
तुझी जनी


संगमेश्वर, १९ जानेवारी

चि. जनीस अनेक आशीर्वाद.

साठी उलटलेल्या भावाला शहाणपण शिकवतेस? भाई भाजी ताटाबाहेर सारायचा, म्हणून त्याला झालं. मी पथ्य पाळतो, मला होणार नाही. विषय संपला.

पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं. लघवीतून रक्त जातंय हे भाईने सगळ्यांत आधी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, धण्याजिऱ्याचं पाणी पी, शिमगा होऊ दे, मग बघू. त्याने ऐकलं. शिमगा झाला, मग आंब्याची गडबड आली. पुढे कंबर धरली तेव्हा हाडांपर्यंत गेलं होतं. आता हे काढे फुकट म्हणायचे, तर मी भाईला काय पाजलं? हौसालाही ठाऊक नाही.

अधिक काय लिहू.
आत्माराम


अंजनवेल, २४ जानेवारी

दादा,
आज नमस्कार लिहायला हात वळत नाही.

एवढी वर्षं हे पोटात ठेवलंस. मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पत्र वाचताना तव्यावरची भाकरी जळली आणि मी ह्यांच्यावरच ओरडले. आणि भाई पथ्य मोडून गेला म्हणालास, ते तर मुळीच सोडणार नाही. मेलेल्या माणसावर ढकलतोस? आई दोघांना एकाच टोपातली कुळथाची पिठी वाढायची.

ह्यावरून मला तुझ्याशी पुष्कळ भांडायचंय, आणि ते दोन-चार महिन्यांत उरकणारं नाही. तुझ्या भाच्याने, ऋत्विकने रत्नागिरीच्या डॉक्टरांची सोमवारची, तीन तारखेची वेळ घेतलीय. रविवारी मी संगमेश्वरला येते. कपडे भरून ठेव. दवाखान्यात तुझ्याशेजारी बसेन, बोलणार मात्र नाही.

लोभ असावा असं आज मागत नाही. तू असावास.
जनी