कांदेवीर आणि नानांचं एक वाक्य

बुधवार, ५ नोव्हेंबर

तिकिटं मिळाली! परवा संध्याकाळी सहाचा खेळ, तीन सीटा, अगदी मधोमध! ‘कांदेवीर’ येतोय आणि त्यात आमचे नाना आहेत, माझे वडील! हीरो नव्हेत — पण लासलगावच्या लिलावाच्या सीनमध्ये लिलाव पुकारतात ते नानाच. बावीस वर्षं त्यांनी तिथे खरा लिलाव पुकारला, मग सिनेमावाले दुसऱ्या कुणाला घेणार? शूटिंग मागच्या वर्षी फेब्रुवारीत झालं. आई डबा घेऊन गेली होती. घरी येऊन म्हणाली, “एक वाक्य बोलायला नऊ तास! येवढ्यात शंभर ट्रॉल्यांचा लिलाव झाला असता.”

मला तेच एक वाक्य ऐकायचंय. या एप्रिलमध्ये नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरपेटी काढावी लागली. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून आई-नाना दोघं इथे सिडकोत माझ्याकडे आहेत. नाना पाटीवर लिहितात. पाणी हवं असलं की स्टीलच्या पेल्यावर दोन टिचक्या. आणि घरात त्यांचा आवाज कुठेच नाही! सगळं शोधून झालं. लग्नांच्या व्हिडिओंवर गाणी चढवलेली. फोनवर ते “हां, ठेव” एवढंच बोलायचे आणि तेही कुणी जपून ठेवलं नाही. मीसुद्धा नाही.

परवा ऐकणार. तेही थिएटरच्या एवढ्या मोठ्या स्पीकरवर!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आईने पैठणी काढली. सिनेमाला! नानांनी पाटीवर लिहिलं — “लग्न कुणाचं?”

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नाना दिसले. आवाज त्यांचा नव्हता. उद्या लिहीन.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आधी सिनेमाचं लिहिते, म्हणजे डोकं जागेवर येईल. अंबडच्या कंपनीत दिवसभर पार्ट तपासते मी — हिरवं लेबल पास, पिवळं रिवर्क, लाल रिजेक्ट. सिनेमालाही तीच लेबलं लावते. हाताला दुसरी सवयच नाही.

हिरवं: कल्पना! गॅरेजमधला साधा पोरगा. घाम आला की त्याच्या अंगाला असा कांद्याचा वास सुटतो की दहा पावलांतले सगळे गुंड ढसाढसा रडतात. पण स्वतःच्या वासाने तोही रडतो, काही दिसत नाही, आणि उडता उडता पाण्याच्या टाकीवर आपटतो! मग त्याची बहीण त्याला स्कूटरवर घालायचा गॉगल देते. त्या वेळी मी शिट्टी मारली. हो, मी! त्याची पाठीवरची झूल गोणपाटाची आहे आणि ती त्याला चावते, त्यामुळे मारामारी करता करता तो पाठ खाजवतो. खलनायक अत्तरवाला — नाकाला रुमाल लावून इतक्या गोड आवाजात धमक्या देतो की त्याच्यासाठी पुन्हा बघेन. कुणी मरत नाही, रक्त नाही, बारकी पोरंही पोट धरून हसत होती.

पिवळं: मध्यंतरानंतर गाडी रुतते. बर्फातलं गाणं कशाला? हीरोला जिच्यावर लटकवलंय ती तार दोनदा दिसली. आणि अत्तरवाला शेवटी फारच पटकन शरण येतो, नुसती एक शिंक देऊन!

लाल: लिलाव गोण्यांमधून दाखवलाय! लासलगावला कांदा ट्रॉलीत मोकळा येतो, हात घालून बघतात. थिएटरमधला अर्धा तालुका ओरडला, “अरे गोण्या कुठल्या!” शूटिंगच्या दिवशी नाना यावरूनच दिग्दर्शकाशी भांडले होते म्हणे. कोण ऐकतंय?

दुसरं लाल: नाना.

दिसतात छान. पांढरी टोपी, वर उचललेला हात. मी आईचा हात घट्ट धरला. त्यांनी तोंड उघडलं — आणि आतून भलत्याच माणसाचा आवाज आला! गुळगुळीत, बातम्या सांगणाऱ्याचा! नंतर डबिंग करून टाकलं होतं. मला इतका राग आला की पुढची दहा मिनिटं काय झालं ते सांगता येणार नाही.

नानांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. बघते तर हसत होते, आवाज नसलेलं हसू, मांडीवर थापा मारत. घरी येऊन पाटीवर लिहिलं, “माणूस मी, गळा भाड्याचा.”

आई रिक्षात एकदाच बोलली. “पोरी, मला त्यांचा आवाज आता नीट आठवत नाय गं. काल आठवून पायला. नाय आला.” मग पैठणीचा पदर नीट करत बसली. पूर्वी नानांनी हाक मारली की ही आतून खेकसायची, तेच मला आठवत राहिलं. रात्री मी खूप रडले.

रविवार, ९ नोव्हेंबर

सिनेमाच्या पानावर सगळं लिहून टाकलं. हिरवं, पिवळं, लाल. कौतुकात कंजुषी केली नाही, सिनेमा चांगलाच आहे! पण शेवटी लिहिलं — लिलाव पुकारणारे निवृत्तीनाना माझे वडील, त्यांना आता बोलता येत नाही, त्यांचा खरा आवाज तुमच्याकडे कुठे पडून असेल तर सांगा. खाली माझं नाव लिहिलं, तृप्ती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लाइक एकशे सत्तर. उत्तर नाही.

एका पोराने लिहिलंय, “ताई, सुपरहीरोच्या पिक्चरमध्ये गोण्या काय बघताय?” गोण्याच बघणार! तेच तर माझं काम आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

उत्तर आलं!!! साउंडवाल्यांची मदतनीस, सायली नाव तिचं. डब्याच्या सुट्टीत फोनच केला तिने. म्हणाली, “काका लक्षात आहेत मला! सरांना चांगलं झापलं होतं त्यांनी.” त्या दिवशीचं रेकॉर्डिंग वाऱ्यामुळे बाद केलं होतं, पण जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर शोधते म्हणाली. असेल तर! दुपारनंतर मी एका धड पार्टाला लाल लेबल लावलं. सुपरवायझर म्हणाला, “तृप्ती मॅडम, तब्येत बरी आहे ना?”

घरी काही सांगितलं नाही. आईला पुन्हा पैठणी काढायला लावायची माझी हिंमत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फाइल आली. आई आत भाकरी थापत होती. मी नानांच्या शेजारी बसले आणि फोनचा आवाज मोठा केला. वारा, ट्रॅक्टर, आणि मग नाना! “ओ सायेब, गोणीत कांदा विकत नाय आमच्यात! मोकळा पायजे, मोकळा!” कुणीतरी हसलं, नाना खाकरले, आणि माइक चालूच होता — “अगं ए, पाणी आण गं जरा!”

आतून परात सरकल्याचा आवाज आला. हाताला पीठ तसंच, भरलेला पेला घेऊन आई दारात आली.

“आले, आले! वरडताय कशाला, बहिरी हाये का मी?”