चंदनबालेची अमेरिका

प्रिय साक्षी,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर मला एक वाक्य धड पुरं करता येत नाही, तुझ्या मॅडम पलीकडच्या खोलीतून दुरुस्त्या सुचवतात. म्हणून मार्केट यार्डाजवळच्या पोस्टात बसून लिहितोय. शेजारी हळदीची पोती उतरतायत. कागद पिवळा दिसला तर प्राचीन हस्तलिखित समजून त्यावर शोधनिबंध लिहू नकोस.

श्रुतपंचमीला तुझे वडील पुस्तकं न्यायला जीप घेऊन आले. सुभेदार लालासाहेब म्हणजे सांगितल्या वेळेच्या आधीच दारात. त्या दिवशी आम्हा जैनांकडे ग्रंथ बाहेर काढून पुसतात, त्यांना नव्या कापडाची वेष्टनं बांधतात, जमलं तर शास्त्रदान करतात. यंदा आमच्या चंदनबालेनं, तुझ्या मॅडमनं, शास्त्रांच्या शेजारी आपली अमेरिकाही मांडली, तुला दान द्यायची अमेरिकेच्या इतिहासावरची पुस्तकं. प्रत्येक पुस्तकाला तिनं स्वतः वेष्टन शिवलं होतं. बांधणीवरून बोट फिरवून ती मला नाव सांगे, मी चिठ्ठी लावे. तुझ्या वडिलांनी पहिलं खोकं उचललं आणि म्हणाले, “आवं गुरुजी, ही अमेरिका लय जड हाय की.” पक्षाघाताचा झटका आल्यापासून ती एवढी हसलेली मी पाहिली नव्हती.

तू तिची पहिली शिष्या नव्हेस, पण हट्टात तिच्यावर गेलेली एकटीच. मेढ्याहून एमएला आलीस तेव्हा तिनं तुला पहिल्याच दिवशी अमेरिकेतलं यादवी युद्ध वाचायला दिलं होतं, आणि तू मला गुपचूप विचारलं होतंस, यात शिवाजी महाराज कुठं येतात. माझ्या आईचा प्रश्न याहून सरळ होता: तिकडं सूनबाईचं कुणी नातेवाईक हाय का? त्यावर चंदनबाला म्हणायची, “ते लोक आपल्यावर पुस्तकं लिहितात. आपण त्यांच्यावर लिहिलं तर बिघडलं काय?” तिचा विषय तुला ठाऊक आहेच. गुलामगिरीतून सुटलेली माणसं, काही तर आजोबा-आजी झालेली, दिवसभर राबून संध्याकाळी शाळेत बसून अक्षरं गिरवायची. त्या शाळांवरचं तिचं पुस्तक शेवटच्या दोन प्रकरणांवर थांबलंय.

झटक्यानंतर हात सावरला, पाय सावरला, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली. अक्षरं मात्र परतली नाहीत. तिला ती दिसतात, पण त्यांचा शब्द होत नाही. इंग्रजीचाही नाही, मराठीचाही नाही. रोज दुपारी मी वाचून दाखवतो. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मिसिसिपी नदी मी लघु-गुरू सांभाळून ओलांडतो, तोवर ती पुढच्या पानावरची तळटीप पाठ म्हणून दाखवते. पण संशोधन म्हणजे चार पुस्तकं एकाच वेळी मांडीवर. एका संस्कृत मास्तरावर ते भागत नाही.

धीर द्यायला मी एकदा म्हटलं, तुझ्या त्या आजीबाई उतारवयात शिकल्या, तूही शिकशील. ती म्हणाली, “त्यांना शिकायची बंदी होती हो. मला बंदी कुणी केलीय ते सांगा, जाऊन भांडून येते.” माझ्याकडे सुभाषितांचा साठा मोठा आहे. त्या दिवशी तो बाजूला ठेवून मी पुढचं पान वाचायला घेतलं.

फोनवर ती तुला ‘हळूहळू जमतंय’ म्हणते. जमत नाही, साक्षी. मुंबईच्या डॉक्टरांनीही आता वाट पाहू नका म्हणून सांगितलंय. तरी रोज सकाळी, मी देवळात गेलो असं समजून, ती कपाटातलं एक पुस्तक काढते, ओळीखाली बोट धरते. बोट जागचं हलत नाही. मी दाराआड उभा असतो, मग चप्पल वाजवत आत येतो.

श्रुतपंचमीच्या दिवशी खोकी जीपपर्यंत गेली आणि लालासाहेब प्रेमानंच म्हणाले, “साक्षीनं सांगितलंय, ही ठेव हाय. म्याडम बऱ्या झाल्या की समदी परत आणून देनार.” त्यांचा दोष नाही, तुझाही नाही. आपल्याकडे कुणी जिवापाड जपलेलं देऊ लागलं की ‘तुमचंच आहे, सांभाळते फक्त’ म्हणायची रीत आहे. चंदनबाला एवढंच म्हणाली, “मग राहू द्या.” त्यांना चहा दिला, लाडू दिले, आणि खोकी परत आत आणवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पुस्तकाचं वेष्टन सुटलेलं होतं.

हे पत्र त्यासाठी. ठेव परत येणार असते, म्हणून ती रोज परीक्षेला बसते आणि रोज नापास होते. तिला त्या परीक्षेतून उठायचंय. यावेळी तू स्वतः ये. दान म्हणून घे, तिच्यासमोर प्रत्येक पुस्तकावर शाईनं तुझं नाव लिही. ती दोन प्रकरणं तू लिहिणार आहेस असं तिला सांग. ‘बऱ्या झालात की’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. रडायचं असेल तर जीप कृष्णेच्या पुलावर गेल्यावर रड. आणि निघताना मी एखादं पुस्तक मागे ठेव म्हणेन, दुपारी वाचायला. ऐकू नकोस.

तुझाच,
रायगोंडाकाका