पिशवीचं वेळापत्रक

३ मार्च
केमोची शेवटची सलाईन संपली. हाडांतला माझा रक्ताचा कारखाना आज कायमचा बंद! आता माघार नाही. दूरदेशीच्या कुणाच्या तरी पेशी पिशवीतून येणार. वेळेत आल्या तर मी वाचणार, नाहीतर नाही. दात्याचं नाव सांगत नाहीत, नियम आहे. वय तेवढं कळलं – तेवीस. अरे पोरा, ना ओळख ना पाळख, आणि माझ्यासाठी सुया टोचून घेतोस!

४ मार्च
लेकीने काचेपलीकडून फोनवर सांगितलं, "बाबा, विमानतळ ते विमानतळ नऊ हजार एकशे चाळीस किलोमीटर. अकरा तास चाळीस मिनिटं फक्त!"

हसू आलं. तीस वर्षं बसडेपोत वेळापत्रकं केली मी. अंतर भागिले वेग हे शाळेत ठीक. इथे थेट विमानच नाही. तिकडचा दवाखाना ते विमानतळ, तपासणी, मध्ये विमान बदलायचं, उतरून पुन्हा गाडी – गोळ्यांच्या कागदामागे बेरीज मांडली. सव्वीस तास. पेशी टिकतात बहात्तर.

"अहो, तुम्ही आजारी आहात की ड्यूटीवर?" – बायको. दोन्ही!

५ मार्च
पिशवी निघाली. दुपारी एक वाजता, इकडच्या घड्याळाने.

६ मार्च
धुकं! पहिलं विमान पाच तास उशिरा, पुढचं चुकलं. आता उद्या पहाटेचं. पुन्हा बेरीज – सत्तेचाळीस तास. बसतंय. तीनदा मांडलं, तीनदा बसलं, तरी चौथ्यांदा मांडतोय. भीती वाटते. इथे लिहितो, हिला नाही सांगणार.

७ मार्च
आली! बारा वाजून दहा मिनिटांनी. दहाच मिनिटं चुकलो!

आणणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका, हे काम फुकट करतात. सिस्टर सांगत होती – दोन दिवस पिशवीचा डबा नजरेआड केला नाही, बाथरूमलासुद्धा बरोबर! कुणी तो एक्स-रेच्या यंत्रात सरकवायला निघाला, तर पेशी बिघडतील म्हणून त्याला चांगला फैलावर घेतला म्हणे. आभार मानायचे राहिले. मी विचारेपर्यंत बाई परतही गेल्या होत्या.

पिशवी एवढीशी. तासाभरात रिकामी. मी रडलो, सरळ रडलो. बायको काचेला हात लावून उभी होती.

१९ मार्च
पांढऱ्या पेशी अजून शून्य. तोंड सोलून निघालंय, पाणी गिळवत नाही. मनातल्या मनात पोराशी बोलतो – बाबा रे, एवढ्या लांबून आलास, आता जरा बूड टेकव.

२४ मार्च
दोनशे!! डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या. सिस्टरने टाळ्या वाजवल्या. अर्धी वाटी पेज गेली पोटात. कुणाकुणाचे उपकार मोजू?

८ एप्रिल
अहवाल आला. रक्त बनतंय ते सगळं दात्याच्या पेशींचं, पेशी छान रुजल्या. "हे कशावरून कळतं?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत सोपं होतं. तुम्ही पुरुष, आणि रक्तातल्या सगळ्या पेशी बाईच्या."

म्हणजे पोरगी!

एकच मुलगी आहे म्हणून आजवर सांगत आलो. दोन आहेत.