दोन पानं एकदम

९ नोव्हेंबर, सोमवार दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. ही हाक वाचून हसलीस तर उत्तम, रागावलीस तरी चालेल. इतक्या वर्षांनी तुला काय म्हणून लिहायचं या विचारात दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, नातं काही फाटलेलं नाही, तेच लिहावं.

तू आणि तुझा मुलगा खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्याशिवाय आता घरात कुरकुरायला दुसरं आहे कोण? वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा भिंत फोडायला काढली आहे. गेल्या वर्षी पाडलेली यंदा बांधतात की काय, देव जाणे. लेक दर रविवारी फोन करून मी जेवले का ते विचारते, जणू मीच तिची लेक.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. विसरले नव्हते, राग आला होता. तुझा दादा दवाखान्यात असताना लेकीने तुझा नंबर शोधून फोन केला, तू "बघते" म्हणालीस आणि आली नाहीस. दाराशी पाऊल वाजलं की मी वळून बघायचे. त्याने तुझं नाव काढलं का? नाही काढलं. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. पण पाऊल वाजलं की तोही बघायचा.

मग तो गेल्यावर तुझं पत्र आलं. त्यात तू लिहिलंस, "त्याला मी नकोच होते, हे मला त्या पियानोच्या मैफलीतच कळलं. बाळाला घेऊन मुद्दाम आले, मागे दाराशी उभी राहिले, त्याने एकदाही मान वर केली नाही." मला ते वाचून आणखीच संताप आला. वादकाशेजारी बसून नोटेशनची पानं उलटणारा माणूस मान वर करून गर्दी बघत बसला तर कसं चालेल? त्याचं कामच मान खाली घालून बसायचं. म्हटलं, हिला एवढंही कळत नाही, आणि एवढ्यावरून ही भावाला कायमची सोडून बसली. पत्र खणात ठेवून दिलं.

आता मुद्द्याचं लिहिते. म्हणजे लिहीन, आधी थोडं मागून येऊ दे.

माझ्या वाढदिवसाला लेकीने कसलीशी वर्षभराची वर्गणी भरली. मला वाटलं घरी मासिक येणार, म्हणून मी पोस्टमनची वाट बघत बसले. ते निघालं टीव्हीवरचं ॲप. जगभरच्या मैफलींच्या फिल्म आणि वादक-गायकांवरचे माहितीपट, हवं तेव्हा लावा, हवं तिथे थांबवा. लेकीला वाटलं, बाबा गेल्यापासून घरात सूर नाही, आईला सोबत होईल. पहिले काही दिवस मी त्याकडे फिरकलेसुद्धा नाही. मग एका दुपारी सहज लावलं आणि तिथे ती फिल्म होती. तीच. त्या पियानोवाल्या बाईंची.

ती फिल्म आमच्या घरात निषिद्ध होती, हे तुला माहीत नसणार. त्या मैफलीत तुझ्या दादाने दोन पानं एकदम उलटली. रोज पियानोचे सूर लावणारा माणूस, हात मुंगीच्या पायाइतका हलका, आणि भरल्या हॉलमध्ये, कॅमेरे चालू असताना, दोन पानं एकदम. बाईंनी पाठ होतं म्हणून वाजवत नेलं आणि डाव्या हाताने पान मागे घेतलं. पुढे मुलाखतींतून त्या हा किस्सा सांगून हशा मिळवायच्या. तुझ्या दादाला पुन्हा पानं उलटायला कुणी बोलावलं नाही. पियानो लावायला बोलवायचे, ते काम शेवटपर्यंत होतं, पण मैफलीच्या आधी आपली पिशवी उचलून मागच्या दाराने घरी. फिल्मची सीडी कुणीतरी भेट दिली होती, ती त्याने खोक्यातून बाहेरसुद्धा काढली नाही. मी एकदा विचारलं, "असं झालं तरी कसं?" तर म्हणाला, "बोटं चिकटली." विषय निघाला की पाणी प्यायला उठायचा. तोंडाने काही सांगायचं म्हटलं की तुझा दादा म्हणजे खांब. तुझ्या वडिलांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हाही तो तसाच उभा होता. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्याचं ते गप्प राहणं मला अजून पटलेलं नाही, आणि तो गेला म्हणून आता पटवून घेणार नाही.

तर ती फिल्म मी लावली. चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं वाटत होतं. मला पियानोतलं ओ की ठो कळत नाही, इतकी वर्षं पियानोवाल्याशी संसार करूनही. पडद्याच्या डाव्या कडेला काळा कोट घालून तो बसला होता, तरणाताठा, केस आहेत तसा. मी फक्त तेवढीच कड बघितली. बाईंनी काय वाजवलं ते विचारू नकोस. मग रोज दुपारी लावायला लागले. ॲपला वाटतंय मला पियानोचं वेड लागलंय, ते बिचारं रोज नवनवे वादक सुचवतंय.

पण ती चूक काही दिसेना. ती जागा जवळ आली की फिल्ममध्ये नेमका हॉल दिसतो, माणसांची डोकी, मागचं दार. बनवणाऱ्यांनी चूक झाकायलाच तो तुकडा तिथे घातला असावा. आणि एका दुपारी त्या तुकड्यात मला तू दिसलीस.

दार उघडतं, बाहेरचा उजेड आत येतो, आणि खांद्यावर मूल घेतलेली बाई आत येते. एक खांदा वर करून चालणारी, केस कधी नीट न बांधणारी. शेजारी बसलेली असतीस तरी इतकी ओळखू आली नसतीस. दारावरचा माणूस तुझ्या कानाशी लागतो, मुलाला बाहेर न्या म्हणत असेल. तू त्याच्याशी बोलायला पाठमोरी होतेस. इथे फिल्म पुन्हा पियानोवर जाते.

मी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा बघितलं. मग लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, खाली 'कॅमेरा निवडा' असं लिहिलंय बघ. स्टेजवरचा एकच कॅमेरा लावून अख्खी मैफल बघता येते." मला ते दाबायला तिने फोनवरून कसं शिकवलं, ती एक वेगळीच कथा आहे. पण लागलं एकदाचं.

वन्सं, त्याने मान वर केली होती. दाराचा उजेड आत येतो तेव्हा. पियानोवरून पलीकडे, सरळ हॉलच्या टोकाला बघतो आणि हसतो. स्टेजवर तो कधी हसायचा नाही. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेला नाही. आणि तसा हसत असतानाच त्याचा हात उठतो आणि दोन पानं एकदम उलटतात. तू पाठमोरी होतीस म्हणून तुला दिसलं नाही. तू वळून बघितलंस तोपर्यंत त्याची मान खाली गेलेली, कारण समोर सगळा गोंधळ झालेला. तुझ्या मनात राहिलं ते तेवढंच.

त्या दिवशी तो घरी फार उशिरा आला होता. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, "बसस्टँडवर बसलो होतो." मला वाटलं, लाजेने कुणाला तोंड दाखवायचं नसेल. आता वाटतं तो तुझी बस शोधत असेल. हा माझा अंदाज, पुरावा काही नाही. आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याने तुझा पत्ता शोधायला हवा होता, तो शोधला नाही. घाबरला असेल. तुझ्या वडिलांना नाही, तुला.

आता खरा मुद्दा. ही फिल्म महिनाअखेरपर्यंतच त्या ॲपवर आहे, तसं खाली लिहून आलंय. त्यांचा काही करार संपतो म्हणे. सीडीत हा दुसरा कॅमेरा नाही, मी शेवटी ती खोक्यातून काढून बघितली. सोबत कागदावर लेकीने सांगितलेला पासवर्ड लिहून पाठवते. तुझ्या मुलाला सांग, तो लावून देईल. एकदा बघ.

एवढंच लिहून पत्र संपवणार होते. पण फिल्मच्या आडून किती लिहायचं? मला तू इथे यायला हवी आहेस. लेक म्हणते घर बंद करून माझ्याकडे ये, मी तिला अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही. या घरात त्याला लहानपणापासून ओळखणारं आता कुणी येत नाही. त्याच्याबद्दल बोलायचं तर मला प्रत्येकाला आधी तो कोण होता ते सांगावं लागतं. तुला सांगावं लागणार नाही. उलट तू मला चार गोष्टी सांगशील, आणि त्यातल्या दोन खोट्या निघाल्या तरी मी ऐकून घेईन.

तुझ्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही. ये, समोरासमोर भांडू.

वाट बघणारी,
तुझी वहिनी


१८ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय वहिनी,

तुझं पत्र पोचलं. वाचलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. पासवर्डचा कागद तर उलटा करून ठेवला होता. खरं सांगू? मला ते बघायचं नव्हतं. त्याने बघितलं नाही, हे मी इतकी वर्षं मनाशी धरून बसले होते. ते खोटं निघालं तर मी दवाखान्यात आले नाही त्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. तो अजूनही आहे. तू भांडशील तेव्हा यावर भांड, मी उत्तर देणार नाही.

शेवटी मुलानेच लावलं. त्याला मी लहानपणापासून सांगत आले होते की तुला मामा आहे, पण त्याने आपल्याकडे बघितलं नाही. आता तो मुलगा त्या फिल्ममधल्या दादापेक्षा वयाने मोठा आहे. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. आधी हॉल, मग तो स्टेजवरचा कॅमेरा, तू लिहिलंस तसं. दादा दिसला तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "आई, याचे कान माझ्यासारखे आहेत."

वहिनी, तू सगळं बरोबर बघितलंस, एक सोडून. तुझं लक्ष त्याच्यावर होतं, म्हणून असेल. तो मला बघून हसलेला नाही.

मुलाने ते दोन तुकडे आलटून पालटून लावले. दार उघडतं, दादा वर बघतो, ओळखतो. तेव्हा तो हसत नाही, उलट चेहरा घाबरल्यासारखा होतो, तो मला घाबरला असेल असं तू लिहिलंस ते खरं आहे. मग मी पाठमोरी होते. मी पाठमोरी झाल्यावर तो हसतो. माझ्या पाठीकडे बघून तो कशाला हसेल? मी पाठ केली तेव्हा खांद्यावरच्या बाळाचं तोंड स्टेजकडे झालं होतं. जागं होतं ते, माझे केस मुठीत धरून टकामका बघत होतं.

मला मूल झालंय हे त्याला माहीतच नव्हतं, वहिनी. कोण सांगणार होतं? आपण मामा झालो हे त्याला तिथे कळलं, भर मैफलीत, पियानोशेजारी बसून. आणि त्याने दोन पानं एकदम उलटली.

मुलाने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे बघितलं होतं."

आम्ही शनिवारी येतोय, दोघंही, सकाळच्या बसने. माझं पथ्य आहे, त्यामुळे साधं वरण-भात कर, आणि स्टँडवर यायला निघू नकोस, तुझे गुडघे घरीच ठेव. आम्ही विचारत येऊ. मुलगा कालपासून चारदा विचारतोय, "तिथे गेल्यावर त्यांना काय म्हणून हाक मारायची?" मी म्हटलं, मामी म्हणायचं, दुसरं काय.

तुझी,
वन्सं