स्पोकचा ताण किती ठेवायचा, तात्या?

प्रिय तात्या,

तुम्ही गेल्यापासून कधी लिहिलं नाही. आज लिहिते, कारण तुम्ही शिकवलेलं काम माझ्या हातून चुकलं आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय जीव थाऱ्यावर यायचा नाही.

तुमची नात प्राजू कॉलेजकडून सायकलच्या शर्यतीत उतरते. तिच्या मागच्या चाकाला नवी रिम आणली. दुकानात कशाला द्यायचं? लहानपणी अंथुर्ण्याला तुमच्या सायकलच्या टपरीत तुमच्याशेजारी बसून मीच नाही का चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढायला शिकले? तुमचा स्पोकपाना अजून माझ्याकडं आहे. खंडेनवमीला त्याची पूजा करते.

तुम्ही म्हणायचा, "स्पोक देवघरातल्या घंटीवानी वाजला पायजे." म्हणून घंटीच घेऊन बसले. डावीकडचे स्पोक काही तसे वाजेनात. मी पाना फिरवून ते आवळतच राहिले.

आठ दिवसांनी चाक पुसताना रिमला स्पोकच्या भोकाशी चीर दिसली. याच चाकावर उसाच्या ट्रॅक्टरांमधून पोरगी रोज भिगवणपर्यंत जात होती, तात्या.

प्राजू रागावली नाही, तेच जास्त लागलं. "आगं आई, आजोबांच्या येळची रिम लोखंडी. ही हलकी हाय, येवढं सोसत न्हाय."

"मग सोसतं किती?"

"ते मला बी ठाव न्हाय."

तुम्हाला तरी ठाऊक होतं का हो? सगळं कानातच ठेवलंत, कुठं लिहून का नाही ठेवलंत?

बारामतीच्या दुकानदाराला विचारलं. तो हसला. "वहिनी, दोन बोटांनी दाबून बघायचं. त्याला आकडा कुठला आलाय?" मग प्राजूकडून रिमच्या कंपनीला मेल धाडला. त्यांनी जवळच्या विक्रेत्याचा पत्ता दिला. तो हाच दुकानदार!

मी सोडलं नाही. रिमवरचा नंबर कळवून पुन्हा विचारलं, तेव्हा कागद आला. गिअरच्या, म्हणजे उजव्या, बाजूला किती किलोच्या वर ताण न्यायचा नाही, ते त्यात होतं. डावी बाजू सैलच राहते, असंही होतं. तुमच्या बिनगिअरच्या सायकलींना दोन्ही बाजू सारख्या. इथं डावी आवळली की उजवी आणखी ताणते; मी डावी वाजवायला गेले आणि उजवीकडं रिम फाडली.

दुसरी रिम आणली, प्राजूच्या कॉलेजच्या सरांकडून ताण मोजायचा मीटर मागून घेतला. प्राजूला म्हटलं, "दुकानात द्यायचं तर दे, मला वाईट वाटायचं न्हाय."

ती म्हणाली, "तूच बांध. पण मीटर मी वाचणार."

ती आकडा सांगायची, मी पाना फिरवायची. कागदानं थांब म्हटलं तिथं थांबले. परवा ती त्या चाकावर मोरगावला जाऊन आली. मग मी एकेक भोक बॅटरीनं पाहिलं. मोरयाच्या कृपेनं रिम धड आहे.

तुम्हाला शब्द देते. यापुढं आधी विचारीन, मग पाना उचलीन. रविवारी तिची शर्यत आहे. रस्त्याच्या कडेला उभी राहीन, तेव्हा चाकाकडं बघणार नाही, पोरीच्या तोंडाकडं बघीन.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
सुमन